रानवाटेवर घोडा पुन्हा पुन्हा बुजतो: कारण शोधण्यापासून उपायापर्यंत

रिंगणात तासभर मुकाट चालणारा घोडा रानवाटेला लागला की वेगळाच होतो. मान वर जाते, कान टवकारतात, झुडपाआड काही हललं की तो आडवी उडी घेतो, नाहीतर गर्रकन वळून घराकडे तोंड करतो. काल ज्या दगडाशेजारून सरळ गेला, त्याच दगडाला आज बुजतो. स्वार आधी चिडतो, मग धास्तावतो आणि हळूहळू रपेटीला जाणंच टाळू लागतो.

यावर सहसा दोन सल्ले मिळतात. "टाच मार आणि पुढे काढ, नाहीतर डोक्यावर बसेल" हा एक, आणि "लक्ष देऊ नको, सवयीने जाईल" हा दुसरा. घोडा बुजल्यानंतर काय करायचं तेवढंच हे दोन्ही सल्ले सांगतात, म्हणून दोन्ही अपुरे पडतात. घोड्याने उडी घेतली त्या क्षणी त्याला काही शिकवता येत नाही. तेव्हा फक्त मांड सांभाळायची असते. शिकवायची जागा त्याच्या अलीकडे असते. घोड्याने काहीतरी पाहिलं आहे पण तो अजून तुमचं ऐकू शकतो, अशी ती दहा-वीस पावलं. ती ओळखता आली आणि तिथे काय करायचं हे पक्कं ठरलेलं असलं, तर बहुतेक घोड्यांचं बुजणं खूप कमी होतं. पूर्ण थांबणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. मोकळ्या माळरानावर शिकारी प्राण्यांच्या तावडीतून जे आधी पळाले तेच वाचले, आणि आपले घोडे त्यांचेच वंशज आहेत.

आधी नोंद, मग उपाय

काही रपेटींची नोंद ठेवा. साधी वही पुरे. घोडा कुठे बुजला, कशाला बुजला, ती गोष्ट डावीकडे होती की उजवीकडे, जाताना बुजला की परतताना, सोबत दुसरा घोडा होता का, वारा किती होता, ऊन-सावली कशी होती, खोगीर कोणतं होतं, त्याआधी तो किती वेळ तबेल्यात बांधलेला होता, हे सगळं लिहा. आणि बुजल्यानंतर काय झालं, हे न चुकता लिहा. परत फिरलात का? उतरलात का? थोडा वेळ उभं राहू दिलंत का?

बुजणं वेळीअवेळी होतं असं वाटत असलं तरी वहीत सहसा काहीतरी साखळी दिसते. नेहमी एकाच बाजूच्या वस्तूंना बुजत असेल तर त्या बाजूचा डोळा तपासायला हवा, किंवा त्या बाजूला वळताना कुठे दुखतंय का ते पाहायला हवं. उन्हातून दाट झाडीत शिरताना बुजत असेल तरी संशय डोळ्यांवरच. खडकाळ वाटेवर आणि उतारावर जास्त बुजत असेल तर खूर, पाठ आणि खोगीर बघा. फक्त जाताना बुजतो आणि परतताना त्याच वस्तूंजवळून निवांत येतो, असं असेल तर घर आणि सोबती सोडून जाणं त्याला जड जातंय. रपेटीच्या उत्तरार्धात बुजणं वाढत असेल तर ताण साठत जातोय. आणि आजवर शांत असलेला घोडा अचानक सगळीकडेच बुजू लागला असेल, तर सरावाचा विचार बाजूला ठेवून थेट पशुवैद्याला बोलवा.

दुखणं आणि डोळे

ज्याला कुठेतरी दुखतंय तो घोडा आधीच सावध असतो, कारण पळायची वेळ आली तर आपण कमी पडू हे त्याला ठाऊक असतं. अशा घोड्याला वस्तूंची सवय लावत बसणं व्यर्थ आहे, आणि त्याच्यावर अन्यायही आहे.

खोगिरापासून सुरुवात करा. रपेटीनंतर पाठीवरच्या घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच एखादा कोरडा डाग राहिला असेल तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता आहे. पाठीवर किंवा मानेच्या मुळाशी पांढऱ्या केसांचे ठिपके उगवले असतील तर तो जुन्या दाबाचा पुरावा. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा कान मागे पाडतो, चावायला वळतो, पोट आखडून घेतो, याला खोडी म्हणून सोडून देऊ नका. घोड्याच्या पाठीचा आकार वय, काम आणि वजनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी नेमकं बसलेलं खोगीर आज काचत असू शकतं.

दातांच्या कडा धारदार झाल्या असतील तर लगाम लागताच घोडा मान वर फेकतो, आणि मान वर गेलेला घोडा बुजायला निम्मा तयारच असतो. दात वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावेत. खुरांचा तळ पातळ असेल तर खड्यांच्या वाटेवर प्रत्येक पाऊल टोचतं. असा घोडा जमिनीकडे बघत, अडखळत चालतो आणि बाकीच्या जगाकडे त्याचं लक्ष उशिरा जातं. कानात गोचिडी आहेत का, तेही बघा. घोडा उन्हात किंवा वाऱ्यात सतत नाक झटकत असेल, मानेला हिसडे देत असेल, तर ते बुजणं नसून चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं असू शकतं. त्याचा उपचार निराळा आहे.

पोटाकडे फार लोकांचं लक्ष जात नाही. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र तयार होतं, त्याने खाल्लेलं असो वा नसो. जठराच्या वरच्या भागाच्या अस्तराला या आम्लापासून फारसं संरक्षण नसतं, आणि धावताना पोटावर दाब आला की आम्ल तिथवर उसळतं. त्यामुळे तासन्‌तास रिकाम्या पोटी राहणाऱ्या, चंदी (दाणा) जास्त आणि चारा कमी मिळणाऱ्या घोड्यांना जठराचे व्रण होण्याचा धोका असतो. असे घोडे चिडचिडे, दचकरे होतात. खात्रीचं निदान दुर्बिणीने आत पाहूनच होतं, आणि औषधही पशुवैद्याने सांगितलेलंच द्यावं. तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे रपेटीआधी थोडं गवत खाऊ घालणं. उपाशीपोटी घोडा बाहेर काढू नका.

डोळ्यांच्या तपासणीत कसूर नको. वारंवार उलटणारा युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. त्याने दृष्टी हळूहळू जाते, आणि ते मालकाच्या लक्षात येईपर्यंत बराच काळ लोटतो, कारण ओळखीच्या जागी घोडा आठवणीवर वावरतो. डोळा अर्धवट मिटलेला, पाणी गळतंय, बुबुळावर दुधी झाक, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मोतीबिंदू, जुन्या जखमेचा व्रण, डोळ्याच्या आतली गाठ यांमुळेही वस्तू अचानक समोर उगवल्यासारखी दिसते. एका घोडीला उजवीकडच्या प्रत्येक झुडपाला बुजताना मी पाहिलं आहे; सगळे तिला हट्टी म्हणत होते. तपासणीत त्या बाजूची नजर अधू निघाली. पुढे तिला नेहमी दुसऱ्या घोड्याच्या उजव्या हाताशी न ठेवता डाव्या हाताशी चालवू लागले, म्हणजे अधू बाजूला सोबती आला, आणि तिचा अर्धा ताण तिथेच गेला.

त्याला काय दिसतं आणि काय ऐकू येतं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. दोन्ही डोळ्यांनी मिळून, म्हणजे अंतराचा नीट अंदाज येईल असं, त्याला फक्त समोरचा एक पट्टा दिसतो. म्हणून अनोळखी वस्तू दिसली की त्याला तोंड तिच्याकडे करायचं असतं, मान वर-खाली करून पाहायचं असतं. नेमक्या त्या वेळी लगाम आखडून मान जखडून टाकली तर त्याचं पाहणंच थांबतं, आणि जे नीट पाहता येत नाही त्यापासून तो पळतो.

रंगांच्या बाबतीत त्याला निळा आणि पिवळा वेगळे कळतात. लाल आणि हिरवा सारखेच भासतात. त्यामुळे हिरव्या गवतातला लाल डबा त्याला रंगाने उठून दिसत नाही, पण निळी ताडपत्री किंवा पांढरा दगड लांबूनही खुपतो. कमी उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. झाडीच्या तोंडाशी, बोगद्याशी, पुलाखालच्या सावलीशी घोडा थबकला तर त्याला काही क्षण तिथेच उभं राहू द्या.

एका डोळ्याने पाहिलेलं घोड्याच्या दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. प्रयोगांत ही समजूत खोटी ठरली आहे. परतताना तोच ओंडका त्याला नवा वाटतो याचं कारण साधं आहे: मागच्या बाजूने ओंडक्याचा आकार खरोखरच वेगळा दिसतो. म्हणून घाबरवणारी वस्तू दाखवायची तर दोन्ही दिशांनी, शक्य असेल तर सगळ्या बाजूंनी दाखवा.

ऐकण्याच्या बाबतीत घोडा आपल्या पुढे आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला ३३ किलोहर्ट्‌झपर्यंतचे. पण आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात तो बराच कच्चा आहे. माणूस जिथे एखाद्या अंशाचा फरक ओळखतो तिथे घोड्याला साधारण २५ अंशांचा फरक लागतो. काहीतरी वाजलं हे त्याला तुमच्या आधी कळतं, पण कुठे ते कळत नाही. वाऱ्याच्या दिवशी घोडे जास्त बुजतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

ती दहा-वीस पावलं

आता मुख्य काम. उडी घेण्याआधी घोडा बरंच काही सांगतो. दोन्ही कान एकाच दिशेला रोखले जातात आणि तिथेच राहतात. मान उंच आणि ताठ होते. पावलं आखूड पडतात, चाल अडखळते. पोटाशी टेकलेल्या पायांना त्याचा श्वास थांबल्याचं जाणवतं, किंवा एकदम जोराचं फुरफुरणं येतं. या सगळ्याच्याही आधी एक गोष्ट घडते, आणि ती ओळखायला शिकणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं: घोडा तुमच्या पायाच्या इशाऱ्याला उशिरा उत्तर देऊ लागतो. नेहमी हलक्या दाबाला सरकणारा घोडा दोनदा सांगितल्यावर सरकतो. तिथेच थांबा.

थांबल्यावर एक छोटी परीक्षा घ्या. एक पाऊल बाजूला मागा, किंवा मान जराशी वळवून मागा. एखाद्या क्षणात उत्तर आलं, एक कान तुमच्याकडे वळला, तर हे अंतर काम करण्याजोगं आहे. उत्तरच येत नसेल तर तुम्ही फार जवळ आला आहात. मग घोड्याने वळायच्या आत तुम्ही वळा. हा फरक छोटा वाटतो, पण सगळं यातच आहे. घोडा स्वतः गर्रकन फिरून दूर गेला आणि भीती मागे पडली, तर फिरणं उपयोगी पडतं हे तो शिकतो. तुम्ही सावकाश, चालीत, त्याला इशारा देऊन दूर नेलंत तर तो तुमच्या इशाऱ्यावर चालायला शिकतो. दूर जाणं दोन्हीकडे सारखंच. निर्णय कोणाचा, यावर पुढच्या वेळची वागणूक ठरते.

काम करण्याजोग्या अंतरावर पोचलात की सरळ रेषेत वस्तूकडे जाऊ नका. तिरकं जा, कमान घ्या, थोडं जवळ आलं की पुन्हा लांब या. प्रत्येक वेळी घोड्याकडून काहीतरी अगदी सोपं मागा: थांब, एक पाऊल मागे, दोन पावलं बाजूला, मान खाली. त्याने केलं की लगाम सैल सोडा आणि उभं राहू द्या. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच कुरवाळतात, आणि तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात हे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३ साली मोजून दाखवलं आहे. थोपटण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घोड्याने मान खाली सोडली, तोंड हलवलं, लांब श्वास टाकला, की वस्तूपासून दूर जा. वस्तूला नाक लावायलाच हवं, असा हट्ट धरू नका. त्या दिवशी दहा हातांवरून शांतपणे पुढे गेला तर ते पुरेसं आहे. वस्तूजवळून जाताना घोड्याचं तोंड किंचित वस्तूच्या विरुद्ध बाजूला वळलेलं आणि तुमचा वस्तूपासून लांबच्या बाजूचा पाय त्याच्या कुशीला लागलेला असू द्या. वस्तूकडेच तोंड ओढून धरलं तर त्याचा मागचा भाग रस्त्याबाहेर फेकला जातो.

घाबरलेल्या घोड्याला वस्तूपाशी जबरदस्तीने उभं करून ठेवायची पद्धत अजून चालते. तो थकून स्थिर उभा राहतो, आणि लोक म्हणतात, निवळला. निवळलेला नसतो, त्याने फक्त धडपड सोडलेली असते. डेन्मार्कमध्ये २००६ साली तरुण घोड्यांना भीतिदायक वस्तूची सवय लावण्याच्या तीन पद्धती तुलना करून पाहिल्या, त्यात टप्प्याटप्प्याने सवय लावलेले घोडे सर्वांत कमी बिथरले आणि ते सगळेच शिकले. बाकीच्या पद्धतींत काही घोड्यांना शिकताच आलं नाही.

ताणाबद्दल आणखी एक. भांडं थेंबाथेंबाने भरावं तसा तो भरत जातो. वाटेत कुत्रा भुंकला, मग सायकल गेली, मग पाण्याचा डबका आला. प्रत्येक वेळी घोडा थोडासाच दचकला आणि स्वाराने म्हटलं, काही झालं नाही. मग एका पानाच्या सळसळीला तो उधळतो आणि सगळे म्हणतात, विनाकारण उधळला. प्रत्येक छोट्या दचकण्यानंतर घोड्याचा श्वास आणि चाल मूळ पदावर येईपर्यंत पुढची अवघड जागा घेऊ नका. थांबून गवताचे दोन घास खाऊ दिले तरी चालेल.

रपेटीआधी जमिनीवर

चार गोष्टी घोड्याला झोपेतही आल्या पाहिजेत: दोरावर हलका दाब आला की मान खाली घालणं, मागे सरणं, मागचे पाय बाजूला टाकून वळणं, आणि सांगेपर्यंत उभं राहणं. रिंगणात या पक्क्या झाल्या, मग तबेल्याच्या फाटकाबाहेर, मग वाटेच्या सुरुवातीला. वाटेवर शोधायला जाण्यापेक्षा ताडपत्री, छत्री, पिशवी यांचा सराव इथेच करा, पण वस्तूंची यादी संपवण्याच्या मागे लागू नका. रानात भेटणारी वस्तू यादीत नसणारच. घोड्याने शिकायचं ते एवढंच: काही विचित्र दिसलं की थांबायचं, बघायचं आणि स्वाराला विचारायचं.

हलणाऱ्या वस्तूंसाठी एक युक्ती फार गुणाची आहे. वस्तू घोड्याकडे आणू नका. वस्तू घोड्यापासून दूर जाऊ द्या आणि घोड्याला तिच्या मागे चालवा. एकाने ताडपत्री ओढत पुढे चालायचं, घोडा मागून. सायकलवाल्याला पुढे पाठवून मागून दुडक्या चालीने जायचं. जी वस्तू आपल्यापासून पळते तिची भीती घोड्याला फार काळ वाटत नाही.

घोड्याला हाताने धरून घाबरवणाऱ्या वस्तूजवळून नेताना तुम्ही वस्तूच्या बाजूला चाला. म्हणजे त्याने उडी घेतली तरी ती तुमच्यापासून दूर पडेल. पलीकडून चाललात तर तो तुमच्या अंगावर येईल. आणि दोर कधीही हाताला गुंडाळू नका.

स्वाराचं काय

स्वीडनमधला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. घोड्यावर बसलेल्या किंवा घोडा हाताने चालवणाऱ्या माणसांना सांगितलं होतं की एका विशिष्ट फेरीत घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले. तुमची धास्ती घोड्यापर्यंत पोचते, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

"घाबरू नकोस" असं स्वाराला सांगून उपयोग नसतो. शरीराला काम द्यावं. पुढे अवघड जागा दिसली की नजर वस्तूवरून उचलून तिच्या पलीकडच्या वाटेवर लावा. श्वास लांब सोडा. मोठ्याने मोजलं किंवा गाणं गुणगुणलं तर श्वास आपोआप सुटतो. टाचा खाली, गुडघे सैल. लगाम नेहमीपेक्षा एक बोटही आखूड करू नका, कारण बऱ्याच घोड्यांना आखूड झालेला लगाम हाच "आता काहीतरी होणार" असा इशारा वाटतो. घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा बांधा आणि शंका आली की त्यात दोन बोटं अडकवा. उडी आली तर तुम्ही त्या पट्ट्याला लटकाल, त्याच्या तोंडाला नाही.

हेल्मेट आणि टाच असलेले बूट प्रत्येक वेळी. फोन खोगिरात नको, अंगावर हवा. घोडा निघून गेला तर फोन तुमच्याकडे राहिला पाहिजे.

उडी घेतलीच तर

ओरडू नका, चाबूक वापरू नका. ज्या वस्तूला तो घाबरला तिच्यापाशी मार बसला तर तिथे धोका आहे हेच पक्कं होतं. मांड सावरा, पट्टा धरा, घोडा थांबला की त्याला वस्तूकडे बघू द्या, आणि वरचं अंतराचं काम पुन्हा लांबून सुरू करा.

पळायला लागतोय असं जाणवलं तर पहिल्या दोन-तीन ढांगांतच एक लगाम आखूड करून हात मांडीकडे आणा, मागचे पाय बाजूला पडू द्या. हे चालीत, रिंगणात, दोन्ही बाजूंनी शेकडो वेळा केलेलं असेल तरच वेळेवर जमतं. मात्र घोडा भरधाव सुटल्यावर त्याची मान एकदम वाकवू नका. तोल जाऊन तो तुमच्यासकट पडू शकतो. अरुंद कड्यावर किंवा उतारावरही हा उपाय नको. तिथे एक हात लगामासकट मानेवर घट्ट टेकवून दुसऱ्या लगामाला वर-मागे ठरावीक ओढ द्या, ओढ-सोड, ओढ-सोड. मोकळं माळरान असेल तर मोठं वर्तुळ धरा आणि हळूहळू लहान करत आणा.

उतरायचं असेल तर ताण दिसू लागतानाच उतरा. घोडा फिरत असताना नाही. आधी उतरून चालत नेणं ही हार नाही. अनोळखी पुलावर मी घोड्याला हातानेच नेते.

सोबत, आणि काही ठरावीक अडचणी

शांत सोबती घोड्याचा उपयोग खरा आहे. डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी २००८ साली दाखवलं की शांत सोबत्याबरोबर भीतिदायक गोष्टीला सामोरे गेलेले घोडे कमी बिथरतात, आणि पुढे एकटे असतानाही कमी बिथरतात. आधी बुजरा घोडा सोबत्याच्या मागे, मग बरोबरीने, मग थोडा पुढे, मग पुन्हा मागे. दोन बुजरे घोडे मात्र एकत्र काढू नका.

पाण्याला बुजणाऱ्या घोड्याला खोली कळत नाही आणि चकाकी खुपते. मान पूर्ण खाली घालून हुंगू द्या. अरुंद ओहोळावर तो एकदम उडी मारेल, त्यासाठी पट्टा धरून तयार राहा. पाठीवर मोठी पिशवी घेतलेले, काठ्या टेकत येणारे पदयात्री दिसले तर लांबूनच त्यांना बोलायला सांगा. बोलणं ऐकू आलं की त्या विचित्र आकारात माणूस आहे हे घोड्याला कळतं. सायकलस्वारांनाही तेच. मोकाट कुत्रा आला तर घोड्याचं तोंड त्याच्याकडे करून उभे राहा. पायाखालून भुर्रकन उडणाऱ्या पाखरांसाठी कसलंच अंतर मिळत नाही. तिथे मांड आणि पट्टा एवढंच.

फक्त जाताना बुजणाऱ्या घोड्याला लोक नाटकी म्हणतात. मला ते पटत नाही. सोबती सोडून एकट्याने दूर जायची भीती खरी असते, आणि प्रत्येक बुजण्यानंतर घरी परत नेऊन आपणच तिला बळ देतो. अशा घोड्याची रपेट इतकी छोटी ठेवा की तो अडायच्या आतच तुम्ही वळाल. विश्रांती आणि गवत वाटेवर द्या, कष्टाचं काम घरी आल्यावर रिंगणात. आणि गेल्या वाटेने परतण्यापेक्षा फेरा मारून येणारी वाट निवडा.

चंदी आणि मोकळीक

दिवसभर बांधलेला, चंदीवर वाढवलेला घोडा आठवड्यातून एकदा रानात काढला तर तो बुजणारच. हलक्या कामाच्या बहुतेक घोड्यांना चंदीची गरज फार थोडी असते. चारा मात्र कोरड्या वजनात रोज शरीराच्या किमान दीड टक्का हवा, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा किलो. चंदी कमी करायची असेल तर काही दिवसांत हळूहळू करा. रोज मोकळं सोडणं आणि इतर घोड्यांची संगत यांना पर्याय नाही.

कधी थांबायचं

घोडा दोन पायांवर उभा राहत असेल, प्रत्येक रपेटीत उधळत असेल, किंवा तुम्ही पडलेले असाल आणि आता खोगिरावर बसतानाच हात थरथरत असतील, तर एकट्याने रानात जाणं थांबवा. अनुभवी प्रशिक्षकाला आधी जमिनीवरून घोडा दाखवा. निवड करताना एक बघा: तो घोड्याला वस्तूकडे ढकलत नेतो, की घोड्याच्या कानांकडे बघून अंतर ठरवतो. पहिल्याला घोड्याजवळ फिरकू देऊ नका. पशुवैद्याची तपासणी तोवर झालेली नसेल तर प्रशिक्षकाच्या पहिल्या तासाआधी ती करून घ्या, आणि नोंदीची वही दोघांनाही वाचायला द्या.